खाली बारीक अक्षरात

उद्यमबागेतल्या फौंड्रीची भिंत,
एकशेदहा फूट, चुना मारून तयार.
मॅनेजरनं कागद दिला. वर कन्नड, खाली मराठी,
मापं ठरलेली: वरचं अक्षर दोन फूट, खालचं एक.
'धुळीची गोष्ट खोटी आहे.
आम्हाला आमच्या कामगारांचा अभिमान आहे.'

'आम्हाला' रंगवताना हात थांबला.
चाळीस वर्षं ब्रश धरतोय,
हा शब्द कुणाचा, कधी विचारलं नव्हतं.
किराणा दुकानाच्या बोर्डावर 'आमच्याकडे' म्हणजे
मोनाप्पा, त्याची बायको आणि तराजू.
इथं कोण?
कंपनी, मॅनेजर म्हणाला.
कुठं बसते?
त्यानं बेंगळूरूकडं हात केला,
मग मुंबईकडं, मग जरा वर.

दुपारी शिफ्ट सुटली.
येळ्ळूरची नर्मदा मुचंडी भिंतीपाशी थांबली.
तेरा वर्षं वाळू चाळत होती ती आत.
गेल्या महिन्यात गेटावर बोलली,
चार वाक्यं, तीही खोकत खोकत.
पाचव्या दिवशी घरी पत्र:
आपल्या बोलण्याने कंपनीच्या प्रतिष्ठेला धक्का पोचला आहे.
आज डबा तेवढा न्यायला आलेली.
ओला रंग बघितला. म्हणाली,
'अक्षर चांगलं आलंय की तुमचं.'
आणि गेली तिसऱ्या गेटाकडं.

रात्री कुणीतरी डांबर फेकलं.
जास्त वरच्या ओळीवर पडलं की खालच्या,
यावर दोन्हीकडची माणसं दोन दिवस भांडली.
धुळीचं कुणी काढलं नाही.

भिंतीच्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरात
हुंदरे आर्ट्स आणि माझा मोबाईल.
फोन मला आला.
ठाण्यात साहेबांनी विचारलं, 'यार बरदाव?'
'नान री.'
लिहिलं मीच होतं.
बोललो मात्र नव्हतो.

कंपनीला बोलवा म्हटलं तर हवालदार हसला.
येणार कशी? तिला पाय नाहीत,
जबाबाखाली उमटवायला अंगठा नाही.
तिच्यातर्फे वकील आले, स्वभावानं गोड,
माझ्या शेजारी बाकावर बसून समजावलं:
कंपनी नागरिक नाही, मान्य.
पण तिचे भागधारक आहेत ना नागरिक?
त्यांची जीभ तीच तिची जीभ, हुंदरे.
कापायची म्हणता?

मी गप्प झालो. कारण
माझ्या घरी येतो तो आठ पानी मराठी पेपर,
ज्यानं नर्मदेची चार वाक्यं छापली, एकट्यानं,
तोही प्रायव्हेट लिमिटेडच.
उद्या कायदा म्हणाला, कंपनीनं बोलायचं नाही,
तर आधी कुणाचं तोंड मिटेल?
या भिंतीचं,
की पेपरवाल्या गोविंद कंग्राळकरचं?
मला ठरवता आलं नाही. अजून येत नाही.

एवढं मात्र दिसतं, रंगाऱ्याच्या डोळ्याला:
पेपराच्या शेवटच्या पानावर, तळाशी,
कंग्राळकरचं नाव असतं, गल्लीचा नंबर असतो.
दार वाजवलं तर लुंगीवर बाहेर येतो,
शिव्या खातो, कधी देतो.
भिंतीच्या तळाशी मीच होतो.

चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन. पुन्हा रंगवा, डबल रेट.
गेलो. धाकटीची फी भरायची होती,
उगाच मोठेपणा कशाला सांगू.
डांबर खरवडलं, चुना मारला,
वर कन्नड, खाली मराठी, तेच वाक्य.
मग गुडघे टेकून कोपऱ्यात बसलो
आणि विचारलं,
इथं कुणाचं नाव घालू, साहेब?

त्यांनी मान पुसली. रस्त्याकडं बघितलं.
'राहू दे,' म्हणाले, 'कोरंच राहू दे.'

ब्रश टर्पेंटाईनच्या डब्यात बुडवून
थोडा वेळ तिथंच बसून राहिलो.
आतल्या वाळूची बारीक धूळ
ओल्या अक्षरांवर येऊन बसत होती,
कोऱ्या जागेवरही.